देवळाभोवतीचे कुंपण : रुळाखालच्या लाकडाची हकिकत



श्री भैरवनाथाच्या कृपेने व आपणा सर्वांच्या सहकार्याने मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम तडीस गेले आहे. गाभारा, सभामंडप, दीपमाळ, मानकरी आणि यात्रा यांविषयी या स्मरणिकेत जाणकारांनी लिहिलेच आहे. समितीने माझ्याकडे विषय सोपविला तो कुंपणाचा. प्रथम ऐकताच मला हसू आले. देव राहिला बाजूला आणि कुंपणाचा इतिहास काय लिहावयाचा, असे वाटले. पण जुनी वही चाळली, वडीलधाऱ्यांशी बोललो, थोडेफार वाचन केले, आणि ध्यानात आले की या कुंपणाच्या एकेका खांबामागे बरीच मोठी हकिकत उभी आहे. शिवाय नव्या दगडी पोवळीसाठी हे खांब आता उपटले आहेत, आणि त्यांचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न गावापुढे आहे. तेव्हा हा लेख नुसत्या आठवणींचा नाही, थोडा सावधगिरीचाही आहे.

कुपाटीपासून पोवळीपर्यंत

आपल्या भागात कुंपण म्हणजे पूर्वी कुपाटी. बाभळीच्या काटेरी फांद्या तोडायच्या, मेढी रोवायच्या आणि काट्यांचे भारे त्यांत दाबून बसवायचे. ज्याला सवड असे तो बांधावर शेर, निवडुंग नाहीतर घायपात लावी. शेताला हे पुरेसे होई. परंतु कुपाटीचे आयुष्य ते किती? एक पावसाळा गेला की मेढीचे बूड कुजायचे, उरलेल्या काट्यांना वाळवी लागायची, आणि त्यातूनही जे वाचेल ते फाल्गुनात गावची पोरे होळीसाठी पळवून न्यायची. ज्याची कुपाटी होळीत गेली त्याने शिव्या द्यायच्या आणि पोरांनी बोंब ठोकायची, हा रिवाजच होता.

देवळाला मात्र आपल्या पूर्वजांनी दगडमातीची पोवळी घातली होती. ती किती जुनी हे कोणी सांगू शकत नाही. दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा देवळाचा गाभारा श्रींच्या कृपेने बचावला. पण पोवळीची दक्षिण व पश्चिम बाजू पार कोसळली. उरलेली भिंत पुढच्या दोन पावसाळ्यांत बसली. गावात तेव्हा स्वतःच्या घरांच्या भिंती उभ्या करण्याचीच मारामार होती. देवळाची पोवळी बांधण्याइतका पैसा कोणाजवळ नव्हता. गुरे थेट दीपमाळेपर्यंत येऊ लागली, शेळ्यांनी बेलाची व चाफ्याची रोपे खाऊन फस्त केली. पुजारी गुरवांच्या घरची मंडळी रोज सकाळी आधी शेण उचलीत आणि मग सडा घालीत, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

रूळ बदलले

मार्ग निघाला तो रेल्वेमुळे. मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला, आणि त्याच सुमारास पुण्याकडून मिरजेला येणारी गाडीही धावू लागली. हे सारे मीटर गेज, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटरचे अंतर. १९७१ साली पुणे–मिरज–कोल्हापूर हा मार्ग रुंद झाला. रुंद मार्गाचे अंतर साडेपाच फूट. त्यामुळे जुने रूळच नव्हे, तर रुळांखालचे लहान स्लीपरही निकामी झाले. स्लीपर म्हणजे रुळांखाली आडवे टाकलेले ओंडके. गँगमन मंडळी त्यांना सिलीपाट म्हणत. काही लोखंडी होते, ते भंगारात गेले. लाकडी होते ते ढिगाने रचून लिलावात निघाले.

मीटर गेजचा लाकडी सिलीपाट सुमारे सहा फूट लांब, आठ इंच रुंद आणि साडेचार इंच जाड असतो. ही मापे ज्याला कुंपण घालावयाचे आहे त्याने नीट पाहावीत. दोन फूट जमिनीत आणि चार फूट वर : जणू कुंपणाच्या खांबासाठीच कापून ठेवलेले लाकूड! ही गोष्ट प्रथम ओळखली ती आपल्याच गावच्या गँगमननी. पंचवीस-तीस वर्षे त्यांनी हेच लाकूड पहारीने हलवले होते, त्याखाली खडी ठोकली होती. कोणता सिलीपाट जिवंत आणि कोणता मेलेला, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळत असे. त्या वेळच्या पंचमंडळींना त्यांनी सांगितले, "पोवळीला पैसे नाहीत ना? मग हे घ्या. हे लाकूड वाळवीच्या बापाला खायचे नाही."

यातील बरीच मंडळी वरच्या वस्तीवरची होती. त्यांच्या वाडवडिलांनी देवाचे दर्शन पोवळीच्या बाहेरूनच घेतलेले होते. पोवळी पडली ती भूकंपाने, पण नवे कुंपण उभे राहिले ते सर्व वस्त्यांच्या खांद्यांवरून, हे आपण विसरता कामा नये. फाटक बसले तेव्हा त्याला कडी घातली, कुलूप घातले नाही. कुंपण गुराढोरांसाठी आहे, माणसांसाठी नाही, असे त्या वेळच्या सरपंचांनी चावडीवर स्पष्ट सांगितल्याचे माझे वडील नेहमी सांगत.

लाकूड कुजते कसे, टिकते कसे

हे लाकूड वाळवीला का खाता येत नव्हते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

लाकूड आपोआप कुजत नाही. त्याला खाणारे असतात : बुरशी, वाळवी आणि भुंगे. बुरशीला तीन गोष्टी लागतात : ओल, हवा आणि खाद्य. लाकूड कोरडे राहिले तर बुरशी लागत नाही. म्हणून वाड्यातील सागवानी तुळया शेदीडशे वर्षे टिकतात. लाकूड पूर्ण पाण्यात राहिले तरी हवा नसल्यामुळे ते कुजत नाही. म्हणून विहिरीच्या तळाशी जांभळाच्या लाकडाची चौकट घालण्याची पद्धत पडली. पण खांब जमिनीत रोवला की जमिनीच्या पातळीशी, एक वीत वर आणि एक वीत खाली, ओल आणि हवा दोन्ही एकत्र भेटतात. खांब मरतो तो नेमका तेथे.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. ते मेढीचे टोक जाळून काळे करीत, त्यावर बिब्ब्याचे तेल किंवा डांबर फाशीत. कोकणात होड्यांना माशांचे तेल लावीत. गाभ्याचे गर्द लाकूड टिकते आणि सालीलगतचे पांढरे लाकूड आधी किडते, हेही प्रत्येक सुताराला माहीत असे. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेने निरनिराळ्या लाकडांचे तुकडे उघड्यावर जमिनीत पुरून वर्षानुवर्षे निरीक्षण केले, आणि त्यावरून प्रती ठरविल्या. दहा वर्षे वा अधिक टिकते ते पहिल्या प्रतीचे. पाच ते दहा वर्षे टिकते ते मधल्या प्रतीचे. पाच वर्षांच्या आत जाते ते शेवटच्या प्रतीचे. साग आणि साल यांचा गाभा पहिल्या प्रतीत बसतो. चीड, आंबा, सावर यांना जमिनीत फार आयुष्य नाही.

रेल्वेला मात्र जे मिळेल ते लाकूड वापरावे लागले, कारण तिची भूकच प्रचंड होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. त्यानंतर देशभर रूळ पसरू लागले. एका मैलाला सुमारे १,७६० ते २,००० सिलीपाट लागत, आणि दहा-पंधरा वर्षांत ते बदलावे लागत. सागाची आणि सालाची जंगले झपाट्याने उतरली. हिमालयातील देवदार तोडून त्याचे ओंडके भागीरथीच्या पाण्यात सोडीत आणि खाली मैदानात अडवून काढीत. हर्सिलच्या विल्सन नावाच्या इंग्रजाने याच धंद्यात अमाप पैसा केला. जंगले अशीच तोडली तर पुढे रेल्वेलाच लाकूड मिळणार नाही, हे सरकारच्या ध्यानात आले आणि १८६४ साली वनखाते निघाले. डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचे पहिले प्रमुख होते. म्हणजे आपल्या देशातील वनखात्याच्या जन्माशी या साध्या सिलीपाटाचा फार जवळचा संबंध आहे.

एका बाजूने जंगल राखणे आणि दुसऱ्या बाजूने लाकडाचे आयुष्य वाढविणे, असे दोन उपाय होते. दुसऱ्या उपायाचे मूळ इंग्लंडात सापडते. १८३८ साली जॉन बेथेल नावाच्या गृहस्थाने एका युक्तीचे पेटंट घेतले. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे जड तेल, ज्याला क्रिओसोट म्हणतात, ते लाकडात नुसते वरून न फासता आत दाबून भरावयाचे. लोखंडाच्या लांबलचक बंद टाकीत लाकूड ठेवायचे, आतली हवा पंपाने ओढून घ्यायची, मग ऊन तेल सोडून जोराचा दाब द्यायचा. लाकडाच्या बारीक बारीक नळ्यांतून तेल आत शिरते. बुरशीला व वाळवीला ते विष असते, आणि पाण्यात सहसा विरघळत नसल्यामुळे पावसाने चटकन धुऊनही जात नाही. आरंभीच्या काळात असे तेल भरलेले युरोपातील लाकूड जहाजांनी आपल्याकडे आणले जात असे. पुढे आपल्याच देशात पंजाबातील धिलवान वगैरे ठिकाणी असे कारखाने निघाले, आणि चीडसारखी हलकी लाकडेही रुळाखाली टिकू लागली.

एका भारतीय संशोधकाचे काम

या विषयात आपल्या देशाचे नाव जगभर करणारा एक मनुष्य होऊन गेला, पण त्याचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. सोंटी कामेसम हे त्यांचे नाव. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत काम करीत असताना त्यांनी तांबे, क्रोम आणि आर्सेनिक म्हणजे सोमल, यांच्या क्षारांचे एक मिश्रण सिद्ध केले. १९३३ च्या सुमारास त्याचे पेटंट झाले. त्याला 'आस्कू' असे नाव मिळाले. आर्सेनिक व तांबे यांच्या रासायनिक खुणा जोडून ते नाव बनले आहे.

यातील खुबी अशी. तांबे बुरशीला मारते, सोमल किड्यांना मारतो. पण दोन्ही पाण्यात विरघळतात, म्हणून पावसात वाहून जावयाचे. कामेसम यांनी त्यात क्रोम घातले. क्रोममुळे तांबे व सोमल लाकडाच्या तंतूंशी घट्ट बांधले जातात आणि पुष्कळसे आतच राहतात. असे लाकूड हिरवट दिसते, त्याला क्रिओसोटासारखा वास येत नाही व हाताला तेल लागत नाही. विजेच्या व टेलिफोनच्या खांबांसाठी ही पद्धत देशोदेशी गेली. अमेरिकेत तर पुढे घराघरांची कुंपणे, अंगणातील ओटे आणि मुलांच्या खेळण्याची साधनेसुद्धा अशाच लाकडाची होऊ लागली.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. सोमल तो सोमल. कितीही बांधला तरी थोडाथोडा तो पावसाने मातीत उतरतो, हाताला लागतो. म्हणून २००३ सालाच्या अखेरीपासून अमेरिकेतील उत्पादकांनी घरगुती वापरासाठी असे लाकूड करणे बहुतांशी थांबविले. क्रिओसोटाचेही तसेच. त्यात कर्करोगाला कारण होऊ शकणारी द्रव्ये आहेत असे शास्त्रज्ञांना आढळून आले, आणि २००३ सालीच युरोपात सामान्य ग्राहकांना ते विकण्यास मनाई झाली. ज्या गुणामुळे वाळवी दूर राहते, तोच गुण माणसाला बाधतो. कामेसम यांच्या बुद्धीचे मोल यामुळे कमी होत नाही. त्यांच्या शोधाने कितीतरी झाडे वाचली. परंतु औषधाच्या बाटलीवर विषाची खूण असते, तशी या लाकडावरही आपण मनातल्या मनात खूण करून ठेवावयास हवी.

कुंपण कसे उभे राहिले

१९७१ च्या दिवाळीनंतर बैलगाड्यांतून सिलीपाट आले आणि देवळामागच्या चिंचेखाली रचले गेले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. उन्हात त्या ढिगाचा जो वास सुटे, तो अजून नाकात आहे. रेल्वेच्या फलाटावर यायचा तोच.

आधी निवड झाली. एक म्हातारे मुकादम हातोडा घेऊन बसले. प्रत्येक सिलीपाटावर ते तीन ठिकाणी ठोका घालीत. खणखणीत आवाज आला तर उजवीकडे, बद्द आवाज आला तर डावीकडे. बद्द म्हणजे आतून पोकळ. मग रूळ बसविण्याच्या खिळ्यांची उरलेली टोके उपटली. कारण करवतीला खिळा लागला तर दाते जातात. खिळ्यांच्या जुन्या भोकांत पाणी साचते म्हणून लाकडाच्या खुंट्या डांबरात बुडवून ठोकल्या.

सुतारमंडळींना मुकादमांनी एक गोष्ट निक्षून सांगितली : जे टोक कापाल ते वर ठेवा, जमिनीत घालू नका. याचे कारण तेव्हा आम्हांला कळले नाही. आता कळते. तेल दाबाने भरले तरी ते बाहेरच्या थरात अधिक जाते; गाभ्यापर्यंत क्वचितच पोहोचते. कापलेल्या तोंडाशी कोरे लाकूड उघडे पडते, आणि तेच जमिनीत गेले तर कुजण्यास वाट मिळते. वरच्या टोकाला उतार देऊन पाणी ओघळेल असे केले. खड्ड्याच्या तळाशी एक वीत खडी घातली, म्हणजे बुडाशी पाणी थांबणार नाही. खांबाभोवती मुरूम घालून पहारीने ठोकला आणि माती उंचावून दिली. दोन खांबांमध्ये आठ फुटांचे अंतर ठेवून गिरमिटाने भोके पाडली व तीन पदरी तार ओवली. मजुरी कोणी घेतली नाही. प्रत्येक घरातून एक माणूस, दर सोमवारी, असे काम चालले.

पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ आला. गुरांना चारा नव्हता, शेळ्या झाडाच्या सालीसुद्धा सोडत नव्हत्या. त्या वर्षी गावात जी हिरवी पाने राहिली ती या कुंपणाच्या आत. आज देवळापुढे जो वड आणि जे दोन बेल उभे आहेत, ते त्या दुष्काळात बायकांनी घागरीने पाणी घालून जगविलेले आहेत. आणि कुंपण नसते तर ते पाणी वायाच गेले असते.

महाप्रसादाची चूक

आता जी गोष्ट सांगतो ती गौरवाच्या अंकात शोभणारी नाही. पण ती लपविली तर या लेखाचा उपयोगच नाही.

कुंपण होऊन दहा-बारा वर्षे झाल्यावर एका यात्रेला सरपण कमी पडले. डावीकडे टाकलेले, म्हणजे नापास झालेले सिलीपाट व कापलेली टोके चिंचेखाली तशीच पडून होती. तेल प्यालेले लाकूड, चांगले पेटेल, असे म्हणून आम्हा तरुण मंडळींनी ते फोडून चुलवणात घातले. त्यात मीही होतो. पेटले खरेच भडभडा. पण काळा धूर असा निघाला की आचाऱ्यांना उभे राहवेना. वाढायला आलेल्या बायकांचे डोळे सुजले. दोघा-तिघांना रात्रभर उलट्या झाल्या. आमटीला डांबराचा वास लागला. तेच मुकादम तोवर फार थकले होते, पण काठी टेकीत आले आणि म्हणाले, "लेकरांनो, हे विष आहे. आम्ही कधी यावर चहासुद्धा केला नाही." त्या दिवशीची शिजलेली आमटी खड्डा करून पुरावी लागली. देवाचा प्रसाद मातीत घालताना आजीच्या डोळ्यांत आलेले पाणी धुराचे नव्हते, हे मला पक्के ठाऊक आहे.

तेव्हा आम्ही तो अपशकुन समजलो. कोणी म्हणाले भैरवनाथाचा कोप झाला. आज सांगतो, कोप वगैरे काही नव्हता. आमचे अज्ञान होते. क्रिओसोटाचे लाकूड जाळले की त्यातील विषारी द्रव्ये धुरात उतरतात. आस्कूचे हिरवट लाकूड जाळले तर सोमल काही धुरात जातो आणि उरलेला राखेत साचतो. ती राख भांडी घासण्यास, परसात टाकण्यास, अंगाला लावण्यास घेतली तर काय होईल याची कल्पना करावी. आपल्याकडे राखेला पवित्र मानतात, अंगारा कपाळी लावतात. म्हणूनच ही गोष्ट देवळाच्या स्मरणिकेत येणे मला अधिकच अगत्याचे वाटते.

आजचा प्रश्न

यंदा पोवळीचा पाया खणताना सारे खांब उपटले. निम्म्याहून अधिक खांब जमिनीच्या पातळीशी कुजलेले निघाले. मात्र वर आणि खाली तेच खांब धडधाकट होते. बाकीचे आजही ठोकले तर खणखणतात. रुळाखाली एक आयुष्य, देवाच्या दारी पन्नास वर्षांचे दुसरे, आणि अजूनही दम आहे!

समितीच्या सभेत सूचना पुष्कळ आल्या. कोणी म्हणाले, याची सभामंडपात बसण्याची बाके करू. कोणी म्हणाले, अंगणवाडीत मुलांना घसरगुंडी करू. कोणी गोठ्याला गव्हाण मागितली. कोणी म्हणाले, कलशारोहणाच्या महाप्रसादाला आयते सरपण झाले. शेवटचे वाक्य ऐकताच सभेतील पाच-सहा पिकली डोकी एकदम वर झाली. आम्ही ती जुनी हकिकत सांगितली, आणि नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

सर्वानुमते जे ठरले ते सर्वांच्या माहितीसाठी येथे देत आहे. चांगले खांब गावच्या गायरानाच्या कडेला कुंपणासाठी पुन्हा वापरावयाचे. तेथे विहीर नाही, ओढा दूर आहे, आणि भाजीपाला कोणी करीत नाही. बाके, पाळणे, गव्हाण, पाण्याची पन्हळ, फळभाज्यांचे वाफे, यांसाठी एकही तुकडा द्यावयाचा नाही. कापायचे असेल तर उघड्यावर, तोंडाला फडके व हातात मोजे घालून. भुसा खाली अंथरलेल्या कागदावर धरून गोळा करावयाचा. आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावयाचे. कुजलेले तुकडे ना चुलीत, ना होळीत, ना ओढ्यात. ते पत्र्याखाली कोरड्या जागी रचून ठेवले आहेत, आणि घातक कचरा घेण्याचा परवाना ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ग्रामपंचायतीमार्फत सुपूर्द करावयाचे आहेत. होळीला लाकूड चोरण्याचा हक्क पोरांचा आहे, तो आम्ही काढून घेत नाही; फक्त हा ढीग सोडून कोठेही हात मारावा, एवढीच विनंती.

बाके मात्र होणार आहेत, आणि ती जुन्या सभामंडपाच्या सागवानी तुळयांची. त्या तुळयांना कधी तेल पाजलेले नव्हते की क्षार भरलेले नव्हते. कौलांखाली कोरड्या राहिल्या म्हणून टिकल्या. जुने लाकूड म्हणून सगळे सारखे नव्हे. कोणते कशाने टिकले हे ओळखावे आणि मग त्याला जागा द्यावी, हाच यातला धडा आहे.

शेवटी दोन शब्द

आज रेल्वेनेही लाकडी सिलीपाट जवळजवळ सोडले आहेत. सिमेंटचे सिलीपाट १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून येऊ लागले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनेही सिलीपाटांसाठी लाकडाऐवजी दुसरे साधन शोधावे असे सांगितले. आता मुख्य मार्गांवर बहुतेक ठिकाणी सिमेंटच दिसते. जंगलाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. म्हणजे आपल्या कुंपणाचे खांब हे एका संपलेल्या काळाचे अवशेष आहेत. कोठल्या डोंगरातले झाड, कोणी तोडले, कोणत्या टाकीत ते तेल प्याले, किती गाड्या त्याच्यावरून गेल्या, हे आता कोण सांगणार? पण त्यांच्यामुळे दुष्काळात एक वड जगला, एवढे आपण सांगू शकतो.

नवी पोवळी काळ्या दगडाची आहे. देणगीदारांच्या औदार्याने ती उभी राहिली. त्यांची नावे अन्यत्र सविस्तर छापली आहेत. ज्यांनी १९७१ साली दर सोमवारी एक माणूस दिला त्या घरांची यादी मात्र कोठेच लिहिलेली नाही, कारण तेव्हा सारे गावच त्या यादीत होते. नव्या पोवळीच्या पश्चिम दाराला कडी बसविली आहे. कुलूप बसविलेले नाही. जुन्या सरपंचांचा शब्द समितीने पाळला, हे पाहून समाधान वाटले.

जुन्या खांबांपैकी एक खणखणीत खांब दीपमाळेजवळ, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा बेताने, आठवण म्हणून उभा ठेवला आहे. दर्शनाला याल तेव्हा दुरूनच त्याच्याकडेही एकदा पाहावे, ही सर्वांना नम्र विनंती.

॥ शुभं भवतु ॥

— एक ग्रामस्थ